ग्रीनब्रायरचे भूत : लोककथा आणि न्यायालय

अमेरिकेतील भुताखेतांच्या गोष्टींना प्रांतागणिक निराळा रंग चढलेला आहे. न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीच्या खोऱ्यातला बिनमुंडक्याचा घोडेस्वार वॉशिंग्टन आयर्विंगच्या कथेमुळे जगभर पोहोचला. नैर्ऋत्येकडील मेक्सिकन वंशाच्या वस्त्यांत पाण्याकाठी मुलांसाठी आक्रोश करीत फिरणारी 'ला योरोना' सांगितली जाते, तर टेनेसीतील ॲडम्स गाव बेल कुटुंबाला छळणाऱ्या चेटकिणीमुळे प्रसिद्ध आहे. या साऱ्यांत ॲपलाशियन डोंगराळ भागातील एका कथेचे स्थान वेगळे आहे. वेस्ट व्हर्जिनियातील ग्रीनब्रायर काउंटीच्या या भुताचे नाव खुनाच्या एका प्रत्यक्ष खटल्याशी जोडले गेले आहे.

झोना हीस्टर या तरुणीने १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये इरास्मस ट्राउट श्यू या लोहाराशी विवाह केला. श्यू त्या भागात नव्यानेच आला होता. २३ जानेवारी १८९७ रोजी झोना घरात मृतावस्थेत आढळली. डॉ. जॉर्ज नॅप येण्यापूर्वीच श्यूने मृतदेहाला उंच गळ्याचा पोशाख चढवला होता. तपासणी मानेपाशी येताच तो संतापला, त्यामुळे डॉक्टरांनी ती आवरती घेतली. मृत्यूचे कारण आधी 'कायमची मूर्च्छा' आणि नंतर बाळंतपणाशी संबंधित असे नोंदवले गेले. अंत्यदर्शनाच्या वेळीही श्यू शवपेटीच्या उशालगत कोणाला फिरकू देत नव्हता, अशी कुजबुज गावात सुरू झाली.

झोनाची आई मेरी जेन हीस्टर हिला जावयाविषयी प्रथमपासूनच संशय होता. सत्य कळावे म्हणून तिने कित्येक दिवस प्रार्थना केली आणि लागोपाठ चार रात्री मुलगी आपल्यासमोर उभी राहिली, असे तिने सांगितले. जेवणात मांस नाही म्हणून नवऱ्याने रागाच्या भरात आपली मान मोडली, असे झोनाने म्हटल्याचे व निघताना आपले डोके पूर्ण मागे फिरवून दाखवल्याचे ती सांगत असे. ही हकीकत घेऊन ती सरकारी वकील जॉन आल्फ्रेड प्रेस्टन यांच्याकडे गेली. प्रेस्टन यांनी भुतावर कितपत विश्वास ठेवला हे सांगता येत नाही. मात्र डॉक्टरांची तपासणी अपुरी राहिली होती, हे चौकशीसाठी पुरेसे होते. २२ फेब्रुवारीला मृतदेह उकरून गावातील शाळेच्या इमारतीत शवविच्छेदन करण्यात आले. मान मोडलेली, श्वासनलिका चिरडलेली आणि गळ्यावर बोटांचे वळ असल्याचे निष्पन्न झाले.

जूनमध्ये ल्युइसबर्ग येथे खटला उभा राहिला. श्यूचा हा तिसरा विवाह होता. पहिल्या पत्नीने घटस्फोट घेतला होता, तर दुसरी लग्नानंतर वर्षभराच्या आतच मरण पावली होती. प्रेस्टन यांनी मेरी जेनच्या साक्षीत भुताचा विषय कटाक्षाने टाळला. तो उकरून काढला बचाव पक्षाच्या वकिलाने. ही बाई भ्रमिष्ट आहे, असे त्याला ज्यूरीच्या मनावर ठसवायचे होते. परंतु उलटतपासणीत ती किंचितही डगमगली नाही. आपण पाहिले ते स्वप्न नव्हते, या म्हणण्यावर ती ठाम राहिली आणि बचावाचा डाव उलटला. ११ जुलैला ज्यूरीने श्यूला दोषी ठरवले. त्याला जन्मठेप झाली. १३ मार्च १९०० रोजी माउंड्सव्हिलच्या तुरुंगात त्याचा मृत्यू झाला.

भुताच्या साक्षीने खुन्याला शिक्षा झालेली ही एकमेव ज्ञात घटना होय, असा मजकूर असलेला फलक राज्य शासनाने तेथील महामार्गालगत उभारला आहे. काटेकोरपणे पाहता हा दावा टिकत नाही. शिक्षेचा मुख्य आधार शवविच्छेदनाचा होता आणि भुताची कथा फिर्यादी पक्षाने मांडलेलीच नव्हती. या प्रकरणावर पुस्तक लिहिणाऱ्या केटी लेचर लाइल यांनी आणखी एक गोष्ट नजरेस आणून दिली. झोनाच्या मृत्यूची बातमी देणाऱ्या स्थानिक वृत्तपत्राच्या त्याच अंकात, ऑस्ट्रेलियातील एका भुतामुळे खून उघडकीस आल्याची कथा छापलेली होती. मेरी जेनने ती वाचली असेल का, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

त्या काळी केवळ संशयाच्या बळावर डोंगरातल्या एका शेतकरी स्त्रीने मुलीचे थडगे उघडायला लावणे सोपे नव्हते. आईच्या मनातील शंकेला जे वजन मिळाले नसते, ते मुलीच्या तोंडच्या शब्दांना मिळाले. भुतांवर विश्वास असणाऱ्या समाजात ती भाषा सर्वांना कळणारी होती. मेरी जेन १९१६ मध्ये वारली. अखेरपर्यंत तिने आपले म्हणणे मागे घेतले नाही.

श्यू जेथे मरण पावला तो माउंड्सव्हिलचा तुरुंग १९९५ मध्ये बंद झाला. झपाटलेली वास्तू म्हणून पर्यटक आता तेथे रात्रीच्या फेरीला जातात.