उत्खनन म्हणजे नुसतं खोदणं नव्हे

बातमीत ‘अवैध उत्खनन’ आलं की विषय वाळूचा किंवा मुरुमाचा असतो. पुरातत्त्वात हाच शब्द वेगळ्या कामाचा. वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती, हे टिपत माती काढायची.

हे टिपलं नाही तर काय हरवतं? प्रवरेकाठचं दायमाबाद घ्या. 1974 साली तिथे झाडाचं मूळ खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. वजन 60 किलोंहून जास्त! रीतसर उत्खनन साळींनी नंतर केलं. मूर्ती उत्तर हडप्पाकालीन, असं त्यांचं मत. धातूतल्या आर्सेनिकवरून दुसरे म्हणतात, त्या बऱ्याच अलीकडच्या. वाद मिटवू शकणारी माती मात्र मुळाबरोबरच उकरली गेली होती.