अंबर, याकूत, जौहर

गोंदियाजवळचं बिरसी कुठे आणि पन्हाळगड कुठे! तरी बिरसीत वाढलेल्या पोरालाही शाळेच्या इतिहासात पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर भेटतोच. जौहर म्हणजे रत्न, हे मात्र कुणी सांगत नाही.

हबशातून, म्हणजे आजच्या इथिओपियाकडून, विकत आणलेल्या सिद्दी माणसांना मालक नवी नावं देत. याकूत म्हणजे माणिक, संबुल म्हणजे जटामांसी, काफूर म्हणजे कापूर. महागड्या मालाची नावं महागड्या मालाला! अंबर त्यातलंच. आपल्याला आकाश आठवतं, पण ते संस्कृत. हा अरबी अंबर म्हणजे देवमाशाच्या आतड्यात तयार होणारं सुगंधी द्रव्य.

पुढे निजामशाहीचा सर्वेसर्वा झालेल्या मलिक अंबरचं मूळ नाव चापू. जन्म १५४८च्या सुमाराचा. बगदादमार्गे तो दख्खनेत आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. हा पेशवाही एकेकाळचा हबशी गुलामच. तो वारल्यावर अंबर मोकळा झाला, आणि पुढे विजापूरकरांच्या चाकरीत त्याला ‘मलिक’ हा किताब मिळाला. इथे अरबीची खरी गंमत आहे. मलिक म्हणजे राजा, मालिक म्हणजे धनी (आपला ‘मालक’ तोच), मुल्क म्हणजे आपला मुलूख, आणि ममलूक म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्याची मालकी आहे तो, गुलाम. चौघांचा धातू एकच. अंबरने एका आयुष्यात या धातूची बहुतेक रूपं चालवून दाखवली.

अमेरिकेत न्यूयॉर्ककडची गुलाम इसाबेला १८२७मध्ये कायद्याने मुक्त झाली आणि १८४३मध्ये तिने गुलामगिरीतलं नाव टाकून ‘सोजर्नर ट्रूथ’ हे नाव घेतलं. अंबरने तसं केलं नाही. चापू कायमचा मागे राहिला, आणि खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, पाणी खेळवणारी नहर ‘अंबरी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. बाजारातल्या नावाचं त्याने विशेषण करून टाकलं. मला हा बंडाचाच एक प्रकार वाटतो, जरा दख्खनी वळणाचा.

‘सिद्दी’ बहुतेक अभ्यासक अरबी ‘सय्यिदी’वरून लावतात, म्हणजे ‘माझे धनी’. दुसऱ्याला म्हणायचा शब्द म्हणणाऱ्यांच्याच जमातीला चिकटला. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहणारे, कोकणी बोलणारे सिद्दी आज तो आडनाव म्हणून लावतात. २००३मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि २०२०मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले.