दोनशे रुपयांची वायर

दहिसरचा टोलनाका ओलांडून उत्तरेकडे निघालं की डाव्या हाताला पेणकरपाडा लागतो. नावात पाडा असला तरी पाडेपण आता फारसं उरलेलं नाही. चाळी, इमारती, गाळे आणि रिक्षांच्या रांगा. मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ साली झाली आणि महापालिका २००२ साली. १९९१ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात असलेली शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांपलीकडे गेली. यातले पुष्कळजण मुंबईत कामाला जाणारे. सकाळी मीरा रोडला नाहीतर दहिसरला लोकल पकडायची, तासभर उभ्याने काढायचा, संध्याकाळी तेच उलट्या दिशेने. त्या तासाभराची सोबत म्हणजे कानातली वायर. हातातला फोन वीस हजारांचा आणि कानात दोनशेची वायर हे दृश्य डब्यात इतकं सर्रास दिसतं, की त्याला कंजुषी किंवा नाइलाज म्हणून मोकळं होणं सोपं जातं. माझ्या मते त्यामागे जवळजवळ शंभर वर्षांचा हिशेब आहे. मुंबई आणि तिच्या आसपासच्या ऐकणाऱ्याने नव्या सोयीसाठी वेळोवेळी भरपूर पैसे मोजले. त्याच सोयीच्या अधिक सुबक आवृत्तीसाठी मात्र हात आखडता घेतला. आणि हा हिशेब बहुतेक वेळा बरोबर निघाला.

सुरुवात २३ जुलै १९२७ पासून करावी लागते. त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन केलं. केंद्राची ताकद दीड किलोवॅट, परिणामकारक पल्ला तीस मैलांचा. मैलांच्या हिशेबाने पेणकरपाड्याची जागा त्या वर्तुळात येत होती, पण तेव्हा या बाजूला होती ती मिठागरं, खाडी आणि भातखाचरं. ऐकणाऱ्यापुढे दोन वाटा होत्या. एक, दिव्यांचा म्हणजे व्हॉल्व्हचा सेट: महाग, परदेशातून आलेला, पण कर्णा लावला की घरभर ऐकू येणारा. दुसरी, क्रिस्टल सेट: गॅलेनाचा खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार, तारेचं वेटोळं आणि कानांवर हेडफोन. त्याला वीज नको, बॅटरी नको. आवाज मात्र इतका क्षीण, की हेडफोनशिवाय काही ऐकूच येत नसे, आणि केंद्रही जवळ असावं लागे. म्हणजे कानाला लावायचं यंत्र आपल्याकडे आलं तेच गरिबाघरचं म्हणून. श्रीमंताघरी कर्णा वाजत असे. हेडफोन ही मिरवायची वस्तू पुढे कितीतरी वर्षांनी झाली, हे आजच्या जाहिराती पाहताना लक्षात राहत नाही. सेटवर वर्षाला दहा रुपये परवाना शुल्क होतं. १९२७ अखेर देशभरात परवाने होते ३,५९४, आणि पुढच्या दोन वर्षांतही आकडा आठ हजारांच्या आतच राहिला. मार्च १९३० मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. कंपनी बुडण्याची कारणं अनेक: भांडवल अपुरं, चोरून ऐकणारे भरपूर. पण चांगला सेट सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होता हे त्यातलं मोठं कारण.

इथे लगेच आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. स्वस्ताचीच ओढ होती तर क्रिस्टल सेट टिकायला हवा होता. तो तर नामशेष झाला. पुढच्या दोन-तीन दशकांत मध्यमवर्गीय घरांत लाकडी पेटीचा मोठा रेडिओ आला, त्यावर विणलेला रुमाल आला, आणि त्यासाठी लोकांनी महिनोन्‌महिने पैसे साठवले. हे खरंच. पण तो मोठा सेट क्रिस्टल सेटची सुधारलेली आवृत्ती नव्हता. क्रिस्टल सेटवर एकटा माणूस ऐके. मोठ्या रेडिओवर घर ऐके, शेजार ऐके, निकालाच्या दिवशी चाळीचा अख्खा मजला ऐके. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं भरवली, तीही एका सेटभोवती गाव बसू शकत होतं म्हणून. लोकांनी पैसे मोजले ते आवाजाच्या गोडीसाठी थोडे आणि ऐकणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून जास्त. पुढे ट्रान्झिस्टर आला तेव्हा हेच उलट दिशेने घडलं. त्याचा आवाज लाकडी पेटीपेक्षा सरळसरळ पातळ होता, तरी तो खपला, कारण तो खिशात किंवा पिशवीत मावत होता. त्यासोबत एका कानात घालायचं बोंडूक येई. कसोटी सामन्याच्या दिवसांत कचेरीत फायलीआड बसून बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकायला ते पुरेसं होतं. धावसंख्या कळण्यासाठी दुसऱ्या कानाची गरज नव्हती. तो साहेबाच्या हाकेसाठी मोकळा ठेवलेला बरा.

१ जुलै १९७९ ला सोनीचा वॉकमन जपानात विक्रीला आला, किंमत ३३,००० येन. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन भोकं होती. एकट्याने कान झाकून बसणं लोकांना उद्धटपणाचं वाटेल अशी धास्ती कंपनीचे अकिओ मोरिता यांना होती, म्हणून दोघांची सोय. आपल्याकडे तो आला तो आखातातून परतणाऱ्यांच्या बॅगेतून आणि तस्करीच्या वाटेने. आयात शुल्क एवढं होतं की मुंबईत मनीष मार्केट आणि मुसाफिरखान्याची दुकानं अशा चोरट्या मालावरच फुलली. मूळ वॉकमन थोड्यांकडे गेला. बहुतेकांकडे आल्या त्या त्याच्या स्वस्त नकला आणि स्वस्त कॅसेटी. कॅसेटींच्या या लाटेवर पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली एक पुस्तकच लिहिलं. त्यांनी दाखवलं ते असं, की एचएमव्हीची मक्तेदारी मोडली ती टी-सीरिजसारख्या कंपन्यांच्या कमी किमतीने, आणि त्या कमी किमतीतूनच प्रादेशिक गाण्यांना जागा मिळाली. आपल्याकडे कोळीगीतं, भीमगीतं, प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं वाडीवस्तीपर्यंत पोचली ती याच कॅसेटींतून. रेकॉर्डच्या तुलनेत कॅसेटमध्ये खरखर होती हे ऐकणाऱ्यालाही कळत होतं. पण तबकडीवर न आलेलं आपलं गाणं कॅसेटवर येत असेल तर खरखरीची तक्रार करणार कोण?

यानंतरचा टप्पा मला सगळ्यांत रंजक वाटतो, कारण तिथे स्वस्त वायर गाण्यासाठी नव्हतीच. २००२ च्या सुमारास मुंबईत खासगी एफएम केंद्रं सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत साध्या मोबाइलमध्ये एफएम आलं. ज्यांनी ते फोन वापरले त्यांना आठवत असेल: इअरफोन लावल्याशिवाय रेडिओ लागायचाच नाही. कारण इअरफोनची वायर हीच त्या फोनची एरियल. १९२७ मध्ये गच्चीवर ताणायची तार आता कानापासून खिशापर्यंत लोंबू लागली, एवढाच फरक. मग एरियल म्हणून पन्नास रुपयांची वायर आणि हजाराची वायर यांत फरक काय? दुसरीकडे, मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं, शेकडो गाणी एकदम. जास्त गाणी मावावीत म्हणून ती दाबून दाबून बारीक केलेली, आणि त्या दाबण्यात झांजेची किणकिण, तंबोऱ्याचा झंकार आधीच गेलेला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मूळ ध्वनीतच जे नाही ते महागडा इअरफोन आणून देऊ शकत नाही. दुकानदाराने हे सिद्धान्त म्हणून सांगितलं नसेल, पण गिऱ्हाईक त्याप्रमाणेच वागत होतं.

मग आलं २०१६. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि दोनच दिवसांनी ॲपलने आयफोन ७ मधून इअरफोनचं भोक काढून टाकल्याचं जाहीर केलं. तिथे बसणारी साडेतीन मिलिमीटरची पिन ही एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मोठ्या पिनेची नात. तिच्या जागी आलेल्या बिनवायरच्या एअरपॉड्सची भारतातली किंमत १५,४०० रुपये होती. पुढच्या वर्षी जिओने १,५०० रुपयांच्या अनामत रकमेवर फोन दिला आणि त्याला इअरफोनचं भोक होतं. दोन कंपन्यांनी ऐकणाऱ्याची दोन वेगळी चित्रं डोळ्यांपुढे ठेवली होती. पेणकरपाड्यातल्या प्रवाशाने त्या वर्षांत पैसे खर्च केले ते फोनवर आणि डेटावर, कारण त्यातून नवं काही मिळत होतं: डब्यात उभ्या उभ्या सिनेमा, कीर्तन, परीक्षेची शिकवणी. इअरफोन तोच राहिला. हा पैशांचा अभाव असता तर फोनही जुनाच राहिला असता.

महाग म्हणजे चांगला आवाज, हे समीकरण तरी कितपत खरं? जेरोन ब्रीबार्ट यांनी २०१७ साली अमेरिकेच्या अकूस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात २८३ हेडफोनांची मापं प्रसिद्ध केली. कोणता स्वर किती जोराने उमटतो याचा आलेख आणि किरकोळ किंमत यांत त्यांना काहीही संबंध आढळला नाही. आलेख म्हणजे सर्वस्व नव्हे. बांधणी, कानातली आरामशीर बसण, टिकाऊपणा यांना किंमत असते. पण जास्त पैसे टाकले की आपोआप चांगलं ऐकू येईल ही समजूत या मापांपुढे टिकत नाही. त्यात लोकलचा डबा म्हणजे बंद खोली नव्हे. उघडा दरवाजा, रुळांचा खडखडाट, पंखे, शेजारच्या डब्यातलं भजन. मोठ्या आवाजाखाली लहान आवाज झाकला जातो हा कानाचा साधा धर्म आहे, आणि महागड्या इअरफोनचं वेगळेपण असतं ते नेमकं त्या लहान आवाजांत. ते ऐकायला शांत खोली लागते, आणि दोन खोल्यांत पाच माणसं राहत असतील तर शांतता हीच सगळ्यांत महाग वस्तू असते.

यावरचा सगळ्यांत जोरदार आक्षेप असा: गोंगाट हीच अडचण असेल तर गोंगाट मारणारे इअरफोन घ्यावेत, ते तर महागच असतात. हे तंत्र खरं आहे आणि ती नवी सोय आहे, म्हणजे माझ्याच मोजमापाने त्यासाठी पैसे मोजायला हरकत नसावी. पण हे तंत्र सलग घुमणाऱ्या खालच्या आवाजावर चांगलं चालतं. माणसांचं बोलणं, भोंगा, भांडण यांवर कमी. तिथे कानात घट्ट बसणारं रबरी टोपणच उपयोगी पडतं, आणि ते दोनशेच्या वायरीलाही असतं. शिवाय थांबणाऱ्याला हेच तंत्र काही वर्षांत स्वस्तात मिळतं. ट्रान्झिस्टरचं तसं झालं, वॉकमनचं झालं. बिनवायरचे इअरफोन आज हजाराच्या आत मिळतात आणि आता डब्यात तेही दिसतात. वायर सोडणाऱ्यांनीही पंधरा हजारांचे घेतले नाहीत, हे ध्यानात घ्यावं. गर्दीचा मुद्दा वेगळाच. टोकियोतल्या स्टेशनांवर २०२० च्या जुलै ते सप्टेंबरात रुळांवर बिनवायरचे इअरफोन पडल्याचे सुमारे ९५० प्रकार जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने नोंदवले. ते उचलायला खास यंत्र करवून घेण्याची वेळ आली. बोरिवलीला लोंढ्यासोबत उतरताना कानातून पडलेला बड शोधायला कोणी वाकून दाखवावं.

कानांच्या आरोग्याचा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. ऐकण्याच्या धोकादायक सवयींमुळे जगातल्या १.१ अब्ज तरुणांची श्रवणशक्ती धोक्यात असल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिला. सैल बसणारा स्वस्त इअरफोन गोंगाटात आवाज वाढवायला लावतो, हे खरं. त्यावर उपाय नीट बसणारं टोपण आणि आवाजावर ताबा. किंमत वाढवून कान वाचत नाहीत. कचऱ्याचा आक्षेपही अर्धा खरा आहे. दोनशेची वायर सहा महिन्यांत पिनेपाशी तुटते, एका बाजूचा आवाज जातो आणि ती कचऱ्यात पडते. तरी तुटलेली पिन कापून नवी डाग देऊन जोडता येते. लॅमिंग्टन रोडवर ती सुटीही मिळते. बिनवायरच्या बडमधली बोंडाएवढी बॅटरी दोन-तीन वर्षांत दमली की त्याला बहुधा इलाज नसतो, मग तो दोन हजारांचा असो वा वीस हजारांचा.

आणि मोरितांच्या त्या दोन भोकांचं काय झालं? पुढे ती गेली. लोकलमध्ये मात्र एक टोक हिच्या कानात, एक तिच्या कानात, मध्ये लोंबती वायर, अशा दोघी मैत्रिणी मीरा रोडपर्यंत एकच गाणं ऐकत आल्या. वेगळं भोक लागलं नाही. ज्या ॲपलने फोनचं भोक काढलं, तिच्या दुकानात वायरचे इअरपॉड्स आजही मिळतात. तिथले सगळ्यांत स्वस्त इअरफोन तेच आहेत.