गुंडी, कवडी आणि बटवा

गेल्या पावसाळ्यात चंद्रपुरातील माझ्या वर्गात एका विद्यार्थिनीचा मोबाईल बाकावर पालथा पडलेला मी पाहिला आणि व्याख्यान थांबवून त्याची थोडी थट्टा केली. त्याच्या आवरणावर लहानमोठ्या तीसेक गुंड्या बसविलेल्या होत्या; शिंपल्याच्या, प्लॅस्टिकच्या, आणि मधोमध पितळेच्या दोन. "शिंप्याचे दुकान बरोबर घेऊन हिंडण्याचे प्रयोजन काय?" असे मी विचारले. वर्ग हसला, मुलगी हसली नाही. तास संपल्यावर ती जवळ येऊन म्हणाली, "सर, पितळेच्या दोन माझ्या आजोबांच्या कोटाच्या आहेत. ते आलापल्लीकडे जंगलात गार्ड होते. बाकीच्या आजीच्या डब्यातल्या." इतिहास शिकविण्यात ज्याची तीस वर्षे गेली त्याने वस्तू पाहून आधी हसावे आणि ती कोठून आली हे मागाहून कळावे, हे काही भूषणास्पद नव्हे. त्या चुकीचे परिमार्जन म्हणून हे चार शब्द.

अंगाशी सदैव बाळगावयाच्या वस्तूला सजविण्याची हौस मोबाईलबरोबर जन्मली असे कोणी समजू नये. आपल्या आज्यांच्या कनवटीला बटवा असे, आजोबांच्या खांद्यावर पानतंबाखूची चंची असे; मोबाईल हा त्यांचाच वारस होय. तिकडे बस्तरात मुरिया तरुण आपल्या मैत्रिणीसाठी लाकडी फण्या कोरीत, तंबाखूच्या डब्यांवर नक्षी काढीत. वेरियर एल्विन यांनी 1947 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात घोटुलाचे वर्णन करताना या वस्तूंकडे मोठ्या आस्थेने पाहिले आहे. इकडे भामरागड-एटापल्लीच्या माडियांत, मण्यांच्या माळांचा सोस आजही दिसतो. आणि बंजारा स्त्रीच्या बटव्याविषयी तर काय सांगावे! त्याच्या कडेने कवड्या, मध्ये आरसे, आणि जेथे जागा उरेल तेथे रंगीत दोऱ्याची घट्ट वीण.

या कवडीचा प्रवास मोठा मनोरंजक आहे. ती ना गोदावरीची, ना वैनगंगेची. ती मुख्यत्वे मालदीव बेटांच्या समुद्रातून जहाजाने बंगाल-ओरिसाच्या बंदरांत येई आणि तेथून देशभर पसरे. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ घालून रानोमाळ जात व धान्य घेऊन परतत. समुद्राच्या वस्तू अरण्यात पोहोचावयाच्या त्या अशाच वाटांनी. ओरिसात कवडी हे राजरोस नाणे होते. कंपनी सरकारने सारा रुप्याच्या नाण्यांत मागावयास आरंभ केला तेव्हा रयत नागवली गेली, आणि 1817 च्या पाइकांच्या उठावामागील कारणांत हेही एक कारण होते. नाणे म्हणून कवडी मेली. मराठीने 'कवडीमोल' हा शब्द करून तिचा जणू मृत्युलेखच लिहिला. परंतु जिची बाजारातली किंमत गेली तीच देवीच्या भक्ताच्या गळ्यात माळ होऊन राहिली. चैत्रात महाकालीच्या यात्रेस मराठवाड्याकडून येणाऱ्या लोकांकडे पाहिले म्हणजे याचा प्रत्यय येतो. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेचीही कथा फारशी निराळी नाही. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवर मानवी आकृती असत, म्हणून त्यांस पुतळ्या म्हणत. नाण्याचा व्यवहार संपला, माळ उरली.

आता गुंडी. शिंपल्याच्या छिद्रयुक्त गुंड्या सिंधुसंस्कृतीच्या अवशेषांत मिळाल्या आहेत, पण त्या वस्त्र अडकविण्यापेक्षा शोभेसाठी असाव्यात असे जाणते मानतात. म्हणजे गुंडी प्रथम अलंकार होती. तिला चाकरीस लावले ते पुढे, युरोपात तेराव्या शतकाच्या सुमारास काजे आली तेव्हा. आपल्या बाराबंदीचे सारे काम बंदांवर भागत असे. 'काज' हा शब्दसुद्धा आपण पोर्तुगीजांकडून घेतला.

आमच्या या जंगलात मात्र गुंडी शिंप्याबरोबर आली त्याहून अधिक ती गणवेशाबरोबर आली. 1878 च्या वन कायद्यानंतर कोणत्या रानातला बांबू तोडावा आणि कोणत्या रानात गुरे घालू नयेत हे ठरविणारा माणूस खाकी कोट घालून दारात उभा राहू लागला. त्याच्या छातीवरची पितळ दुरून चमकली की मुले घरात पळत, अशा आठवणी मी स्वतः वृद्धांच्या तोंडून ऐकल्या आहेत. तीच पितळ आज एका मुलीच्या तळहातावर आजोबांची खूण होऊन बसली आहे.

असा पालट इतरत्रही झाला आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हैदा वगैरे अरण्यवासी लोकांनी एकोणिसाव्या शतकात गोऱ्या व्यापाऱ्यांकडून घोंगड्या आणि शिंपल्याच्या गुंड्या घेतल्या, आणि त्या गुंड्यांनी घोंगड्यांवर आपापल्या कुळांची चिन्हे रेखाटली. ज्या समारंभांत त्या पांघरावयाच्या त्या समारंभांवरच सरकारने 1885 पासून 1951 पर्यंत बंदी घातली. गुंड्या विकावयास हरकत नव्हती, त्यांनी काही सांगावयास होती.

आमच्या विद्यार्थिनीची कारागिरी मी नंतर बारकाईने पाहिली. आवरण रबरासारखे मऊ, त्यावर गोंद टिकेना. म्हणून तिने सुई तापवून भोके पाडली व प्रत्येक गुंडी दोऱ्याने शिवली. कॅमेऱ्याची जागा मोकळी ठेवली. पितळी गुंडीस मागे कडी असते, ती सपाट बसत नाही. तेव्हा कडी आरपार घेऊन आतून बांधली. परिणामी मोबाईल आवरणात किंचित तिरपा बसतो. बाजारात अशा कामासाठी गुंड्यांच्या तयार पुड्या मिळतात, त्या घेतल्या असत्या तर ही अडचण आली नसती. ज्या गुंडीने कधी सदरा धरला नाही तिच्यात काय गोडी, असे माझ्या मनात आले. पण बंजारणीही कवड्या बाजारातूनच घेत, हे आठवून मी तो शेरा मागे घेतो.

खंत आहे ती वेगळ्याच गोष्टीची. संग्रहालयांत बटवे पुष्कळ पाहिले. त्यांखालील पाटीवर जमात लिहिलेली असते, जिल्हा लिहिलेला असतो; तो बटवा कोणाच्या कनवटीला होता आणि त्यावरचे नाणे कोणी कोणास दिले होते, हे विचारून ठेवावे असे गोळा करणाऱ्यास बहुधा सुचले नाही. मलाही त्या दिवशी सुचले नव्हते.

मागाहून मी तिला विचारले, कोटाला गुंड्या दोनच होत्या काय? ती म्हणाली, सहा होत्या. एक हरवली. तीन आजीने अजून दिलेल्या नाहीत.