‘काळ्या’, ‘जाड्या’, ‘चष्मिस’: दिसण्यावरून चिडवणं मुलं कुठून शिकतात आणि तक्रार कुठे करायची?

शाळा औंढा नागनाथची असो की पुण्याची, काही मुलांना दोन नावं असतात. एक हजेरीपटावरचं, दुसरं मधल्या सुट्टीतलं. काळ्या, जाड्या, बुटक्या, चष्मिस, दातऱ्या. हे दुसरं नाव मुलाने स्वतः घेतलेलं नसतं, पण शाळा सुटल्यावरही बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच चालू राहतं.

‘मुलं आहेत, चिडवणारच’ असं म्हणून आपण विषय संपवतो. पण युनेस्कोने २०१९ मध्ये १४४ देशांतल्या माहितीवरून काढलेला अहवाल सांगतो, की साधारण दर तीनपैकी एका विद्यार्थ्याला आदल्या महिन्याभरात शाळेत इतर मुलांकडून त्रास झाला होता. त्रासाचं कारण विचारल्यावर मुलांनी सगळ्यात जास्त वेळा स्वतःच्या दिसण्याकडे बोट दाखवलं. सतत त्रास होणारी मुलं शाळाही जास्त बुडवतात.

मुलं हे शिकतात कुठे?

मोठ्यांकडून, आणि कधी कधी थेट पुस्तकातून. महाराष्ट्राच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात हुंड्याच्या कारणांमध्ये मुलीची ‘कुरूपता’ दिलेली होती. मुलगी कुरूप किंवा अपंग असेल तर लग्न जमणं कठीण जातं आणि वरपक्ष जास्त हुंडा मागतो, असा त्याचा आशय. फेब्रुवारी २०१७ मध्ये यावरून गदारोळ झाला, तेव्हा हा मजकूर काढू असं सरकारला सांगावं लागलं. तोवर मुलं हा मुद्दा परीक्षेत मार्कांसाठी लिहीत असणार!

‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आली आणि नावातला ‘फेअर’ निघायला २०२० उजाडलं. एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत एक मुलगी राज्यात पहिली आली, तर सोशल मीडियावर चर्चा तिच्या चेहऱ्यावरच्या केसांची झाली. कमेंट करणारे सगळेच काही शाळकरी नव्हते.

औंढ्याच्या बाबतीत एक गंमत आहे. संत नामदेवांना गुरू विसोबा खेचर इथेच भेटले, अशी परंपरा आहे. नामदेवांचं नर्सीही याच हिंगोली जिल्ह्यात. त्यांच्या विठ्ठलाला आपण कौतुकाने ‘सावळा’ म्हणतो आणि तोच रंग वर्गातल्या मुलीचा असेल तर तिला ‘काळी’ म्हणून हाक मारतो.

कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घालतं. सरांनी किंवा मॅडमनी वर्गात ‘ए जाड्या, उठ’ म्हणणं हा विनोद नाही, त्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. मात्र हे कलम शिक्षक आणि शाळेसाठी आहे. मुलांनी मुलांना चिडवलं तर त्यातून थेट शिक्षा होत नाही, तिथे शाळेनेच लक्ष घालायला हवं.

अपंगत्व असेल तर गोष्ट बदलते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि खुजेपणा त्यातला एक. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान केल्यास कलम ९२ नुसार सहा महिने ते पाच वर्षं कैद होऊ शकते. गुन्हा करणारा अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं.

तक्रार कुठे करायची?

आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक. राज्यातल्या शाळांत तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती असायलाच हवी. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने हे पुन्हा बजावलं. तुमच्या मुलाच्या शाळेत पेटी आहे का आणि ती उघडतात का, पालकसभेत विचारा. शाळा ऐकत नसेल तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे. मूल फारच खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६.

तक्रारीत नुसतं ‘चिडवतात’ लिहू नका. कोण, कुठे, काय म्हणतं आणि कधीपासून, ते लिहा. चिडवणाऱ्या मुलाचा फोटो किंवा व्हिडिओ मात्र ग्रुपवर टाकू नका, तोही अल्पवयीनच आहे.