शर्करावहन, धानाच्या पानातील

हिरव्या पानात तयार होणारी साखर रसवाहिनीत भरून मुळे, फुटवे व लोंबीकडे पाठवण्याची क्रिया. ती कोणत्या पेशीत, केव्हा व किती व्हावी हे जनुकांच्या चालू-बंद होण्यावर ठरते. वैनगंगेच्या खोऱ्यातील नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी, चामोर्शी या तालुक्यांत धान हेच मुख्य पीक असल्याने चंद्रपूर-गडचिरोलीत हा विषय थेट बांधीतला आहे.

पानाच्या पेशीत सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, बनते. पण पेशीपटल ओलांडायला तिला वाहक प्रथिने लागतात. ‘स्वीट’ कुळातील प्रथिने तिला पेशीबाहेर सोडतात. या कुळाची ओळख 2010 मध्ये पटली. धानात त्याची 21 जनुके आहेत. ‘सट’ कुळातील प्रथिने बाहेर आलेली साखर प्रोटॉनच्या जोडीने रसवाहिनीच्या पेशींत ओढतात. त्यांतले पहिले जनुक 1992 मध्ये पालकात सापडले.

रोपाच्या प्रत्येक पेशीत ही सगळी जनुके असतात, मात्र सगळी जागी नसतात. जनुकाच्या आरंभी असलेल्या प्रवर्तक भागावर नियंत्रक प्रथिन बसले की जनुक काम करू लागते. धानात ‘डॉफ-11’ हे असे एक प्रथिन ‘सट-1’, ‘स्वीट-11’ व ‘स्वीट-14’ यांना चालना देते. ते निकामी केलेली रोपे खुजी राहतात आणि त्यांना फुटवे कमी येतात. साखर स्वतःही निरोप्याचे काम करते. बीटच्या पानांना बाहेरून सुक्रोज दिल्यावर वाहकाच्या जनुकाचे काम मंदावते, असे प्रयोगात दिसले आहे. पुढे साखर तुंबली की पान तिची भरणी आवरते, असा त्याचा अर्थ.

या व्यवस्थेची किल्ली चोराच्या हाती लागते ती कडाकरपा रोगात. झांथोमोनास ओरायझी हा जिवाणू पानाच्या कडेवरील जलरंध्रांतून किंवा जखमांतून जलवाहिनीत शिरतो. ढगाळ, वादळी पावसाचे दिवस आणि युरियाचा जादा हात त्याला मानवतो. पान टोकाकडून कडेने नागमोडी पिवळे पडून वाळते. कापलेले पान ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरले की कापातून दुधाळ धार सुटते. शेतकऱ्याला घरच्या घरी करता येणारी ही खूण आहे. हा जिवाणू आपली प्रथिने धानाच्या पेशीत घुसवतो. ती केंद्रकात जाऊन ‘स्वीट’ जनुकांच्या प्रवर्तकावर बसतात, एरवी पानात जवळपास निजलेले ‘स्वीट-11’ जोरात चालू होते आणि लोंबीच्या वाट्याची साखर जिवाणूला मिळते. हा संबंध 2006 पासून उलगडत गेला.

मग ‘स्वीट-11’ हे जनुकच काढून का टाकू नये? कारण परागकण घडताना आणि दाणा भरताना त्याचीच गरज असते. निसर्गाने काढलेली वाट अधिक शहाणी आहे: ‘एक्सए-13’ हे रोगप्रतिकारक रूप म्हणजे बदललेल्या प्रवर्तकाचे ‘स्वीट-11’च होय. जनुक शाबूत राहते, फक्त जिवाणूच्या प्रथिनाला बसायला जागा उरत नाही. हे रूप आई-बाप दोघांकडून आले तरच उपयोगी पडते. हैदराबादच्या संशोधकांनी 2008 मध्ये दिलेल्या ‘सुधारित सांबा मसूरी’ या धानाच्या वाणात ते ‘एक्सए-5’ व ‘एक्सए-21’ या इतर रोगप्रतिकारक जनुकांच्या जोडीने आणले आहे. एकट्याने भागत नाही, कारण जिवाणूचे काही प्रकार ‘स्वीट-13’ वा ‘स्वीट-14’ची वाट धरतात, म्हणून 2019 मध्ये जनुक-संपादनाने या तिन्ही प्रवर्तकांतील जागा एकदम बदलून दाखवण्यात आल्या.

निवड बांधीतही होते: नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे (निधन 2018) यांनी शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून ‘एचएमटी’ हे बारीक धान घडवले. भरदार लोंबीचे बियाणे राखणारा शेतकरी पानातली साखर दाण्यापर्यंत नीट पोचवणारे रोपही नकळत निवडत असतो. ही निवड प्रयोगशाळेतील कामाइतक्याच आदराने नोंदवली पाहिजे. सिंदेवाहीचे कृषी संशोधन केंद्र याच पट्ट्यात धानावर काम करते; प्रवर्तक बदललेले ‘स्वीट-11’ येथील आवडत्या बारीक वाणांत उतरवणे हे या भागासाठी सर्वांत मोलाचे काम ठरेल.