‘बँक’ : शब्द एक की दोन?

इंग्रजीतील ‘बँक’ या शब्दाचे नदीचा काठ आणि पेढी असे दोन अर्थ शालेय स्तरापासूनच शिकविले जातात. उच्चार व वर्णलेखन समान, अर्थ मात्र परस्परांशी असंबद्ध. म्हणून कोशकार त्यांची स्वतंत्र नोंद करतात. वर्तमान भाषेपुरती ही विभागणी योग्यच आहे. शब्दाच्या इतिहासाकडे वळल्यास मात्र ती टिकत नाही.

काठ या अर्थाचा शब्द स्कँडिनेव्हियन वसाहतकारांबरोबर आला. नवव्या शतकात डेन लोकांनी इंग्लंडचा उत्तर व पूर्व भाग व्यापला. त्यांच्या भाषेतील, मातीचा उंचवटा दर्शविणारा हा शब्द सुमारे इ. स. १२०० पासून इंग्रजी लेखनात आढळतो.

पेढीचा मार्ग अगदी निराळा. मध्ययुगीन इटलीतील सराफ ज्या बाकावर नाणी मांडून मोड देत, त्यास ‘बांका’ म्हणत. बाकाचे नाव प्रथम व्यवहारास व पुढे संस्थेस मिळाले. इटालियन सावकारांनी लंडनमध्ये बस्तान बसविले (तेथील लोम्बार्ड स्ट्रीट ही त्यांचीच खूण) आणि पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द इंग्रजीत आला. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली, तेव्हा त्या नावातला बाक क्वचितच कोणाच्या ध्यानात असेल.

‘बँकरप्ट’ या शब्दात तो मोडक्या अवस्थेत शिल्लक आहे. मूळ इटालियन ‘बांका रोत्ता’, म्हणजे मोडलेला बाक. त्यातील ‘रोत्ता’ला इंग्रजीत लॅटिन वळण मिळाले. देणी थकविणाऱ्या सराफाचा बाक भर बाजारात फोडला जाई, ही कथा वारंवार सांगितली जाते. तथापि हे ‘मोडणे’ लाक्षणिक मानणे अधिक सयुक्तिक ठरते. आपल्याकडेही पेढी ‘बुडते’, तेव्हा पाणी शोधायला कोणी जात नाही. इंग्लंडच्या संसदेने १५४२ मध्ये दिवाळखोरांविरुद्ध कायदा केला, तोवर हा शब्द तेथे चांगलाच परिचित झाला होता.

लक्षणीय बाब अशी की, इटालियन ‘बांका’ हा लॅटिनमधून उतरलेला शब्द नव्हे. तो जर्मॅनिक भाषांकडून घेतलेला आहे. ज्या प्राचीन जर्मॅनिक शब्दापासून तो निघाला, त्यापासूनच डेन लोकांचा मातीचा उंचवटा आणि इंग्रजी ‘बेंच’ हेही निघाले. कोशातील दोन परके शब्द अशा रीतीने चुलत भावंडे ठरतात. विद्यार्थी वर्गात ज्या बाकावर बसून हे दोन अर्थ पाठ करतात, तो मराठी ‘बाक’ही त्याच कुळातला, पोर्तुगीज ‘बांकु’मधून आलेला.